पिकअपचा दगड

अगं, कान इकडं कर जरा. बारशाला आली नाहीस, मग ही मजा हुकलीच तुझी.

नातीचा पाळणा जुन्या पिकअपमध्ये घालून हे आणि मी शिरूरहून राहू गावाला निघालो, तर वाटेत ब्रेकचं पेडल पार खाली जायला लागलं. बारसं दुपारी, आणि पाळणा रस्त्यात! कडेला एक मिस्तरी भेटला. नाव विचारायचं राहूनच गेलं. त्यानं मागचं चाक जॅकवर उचललं, हातानं फिरवलं आणि गाणं ऐकावं तसा डोळे मिटून कान लावला. मग पुढच्या चाकाला लावलेल्या आमच्या नेहमीच्या दगडाकडं बघत राहिला. दसऱ्याचं कुंकू अजून होतं त्यावर.

"मावशी, हँडब्रेक कवा वढला व्हता?"

"दगड आहे की! ओढायचा कशाला?" मी म्हटलं.

तो पोट धरून हसला. "पूजा दगडाची, आन् हँडब्रेक उपाशी! आवो, तो वढत ऱ्हायलं तरच ह्या गाडीचा मागचा ब्रेक नीट आवळलेला ऱ्हातो."

गंजून अडकलेलं सगळं त्यानं सोडवलं, घासलं, ब्रेक आवळला. निघताना पाळण्याला हळूच झोका दिला. "ह्याला मातुर ब्रेक लावू नका."

पाळणा वेळेवर पोचला. दगड आता आमच्या दाराला लावलाय, वाऱ्यानं मिटू नये म्हणून. दार उघडंच आहे बघ. लवकर ये.