झाकलेला तळवा

"आधी पाय पुसा. चादर पांढरी आहे."

आपल्या दवाखान्यात डॉक्टरसाहेब एवढंच बोलले, तेही मोबाईलमध्ये बघत. मुलुंडच्या ज्या सोसायटीचे जिने मी पुसते, तिथेच ते राहतात. त्यांच्याच विंगबाहेर, गटाराच्या तुटक्या जाळीत त्या सकाळी माझं पाऊल अडकलं. पाऊल तिथेच, आणि मी गिरकी घेऊन खाली. अशी किंचाळले की ठाण्यापर्यंतचे कावळे उडाले असतील. सुजून पायाचं नुसतं कलिंगड झालं.

आणि मला लाज कशाची वाटली? तळव्याची. फिनेलनं भेगाळलेला, काळा. पदरानं पाय पुसला आणि तळवा साडीखाली ओढून घेतला. मोठ्या माणसांपुढे पाय झाकायचे, हे आमच्या हाडांत मुरलेलं.

"मम्मी, खालून निळं पडलंय. दाखव ना!" सोबत आलेली माझी पोरगी म्हणाली.

"गप गं!"

आडवं झोपवून एक्स-रे काढला. साहेब म्हणाले, "हाड शाबूत आहे. मुरगळलाय नुसता. तुम्हा लोकांचे पाय दणकट असतात. लागा उद्यापासून कामाला."

लागले. एकेक पायरी म्हणजे हिमालय. तरी वाटायचं, मीच नाटकी. साहेब खोटं कशाला बोलतील?

शेवटी पंधरा दिवसांनी पोरीनं ओढत पालिकेच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरबाईंनी पाय सरळ हातात घेऊन उलटा केला. तळव्यावर निळापिवळा डाग.

"उभं करून फोटो काढा. दोन्ही पायांचा. असा डाग नुसतं मुरगळून पडत नाही."

उभी राहिले. वजन पडलं आणि फोटोत पावलाच्या मधली हाडं फाकलेली दिसली. आडवं झोपल्यावर तीच गुमान जागेवर बसत होती.

"सांधा निखळलाय," बाई म्हणाल्या. "बसवून स्क्रू टाकावे लागतील. उशीर झालाय."

मी हात जोडले. "माफ करा मॅडम. घाण होता, म्हणून झाकला."

पोरगी फाटकन ओरडली, "पाय तुझा मोडला, आणि माफी पण तूच मागतेस?"

अख्खी ओपीडी वळून बघायला लागली. माझे हात आपोआप खाली आले. साहेबांनी मान खाली करून एकदा बघितलं असतं तर? नाही बघितलं. त्यात माझा काय गुन्हा?

स्क्रू टाकले. पाय पहिल्यासारखा होणार नाही. आता वस्तीत कुणाचं पाऊल अडकलं, पिळलं, की मी कुबड्या घेऊन सोबत जाते. डॉक्टर कितीही मोठा असू दे, त्याला सांगते, "उभं करून फोटो काढा. तोवर आम्ही इथेच."

बोलताना अजूनही आतून कुणीतरी म्हणतं, चूक तुझीच. म्हणू दे. मी जागची हलणार नाही.