खोक्यातला उजेड

एखादं काम जमणार नाही असं कोणी म्हणालं, की थोरल्या वहिनी वाद घालत नसत. पदर खोचत आणि कामाला लागत.

आमचं घर विणकरांचं. एकोणीसशे सत्तरच्या सुमारास थोरल्या भावाचा, म्हणजे दादांचा, माग बंद पडला आणि ते प्रताप नगरात एका कापडदुकानात नोकरीला लागले. घरात उरलेल्या रेशमाच्या आणि जरीच्या धाग्यांतून वहिनी कानातली फुलं करू लागल्या, हरभऱ्याच्या दाण्याएवढी. मुंबईच्या एका व्यापाऱ्याने पत्र पाठवून नमुन्यांचे फोटो मागवले. स्टुडिओवाल्याने काढलेल्या फोटोंत ती फुलं कागदावर माश्या बसल्यासारखी दिसत होती. एवढ्या लहान वस्तूचा याहून बरा फोटो निघत नाही, असं त्याचं म्हणणं पडलं. वहिनी घरी आल्या आणि मला म्हणाल्या, "भाऊजी, तुमचा डब्बा कॅमेरा मले द्या. काहून निघत नाही, ते पाहून घेऊ."

किराणा दुकानातून चहाचा रिकामा खोका आला. वहिनींनी त्याच्या दोन्ही बाजू आणि वरची फळी कापून तिथे पतंगाचा पांढरा कागद खळीने चिकटवला. आत ड्रॉइंगचा कागद मागून पुढे असा वळवून लावला, की कोपऱ्याची रेघच दिसू नये. खोका स्वयंपाकघराच्या पश्चिमेच्या खिडकीत बसला, कारण घरात तिथेच चांगलं ऊन येई. ते कागदातून आत मऊ होऊन उतरे. "ऊनही गाळूनच घ्या लागते," त्या म्हणत.

पहिला रोल सगळा धूसर निघाला. मग दादांच्या जुन्या चष्म्याचं एक भिंग त्यांनी कॅमेऱ्याच्या डोळ्यावर मेणाने बसवलं आणि किती अंतरावरून स्पष्ट दिसतं ते ठरवून तेवढ्या लांबीचा दोरा कापला. दुसऱ्या रोलात फुलं स्पष्ट होती, पण सगळी अर्धी कापलेली. आपण पाहतो एका भोकातून आणि कॅमेरा पाहतो दुसऱ्यातून, हे त्यांनी स्वतःच हुडकून काढलं. दादा वैतागले. रोल वाया घालवणं बंद कर, म्हणाले.  पुढचे चार दिवस वहिनी कॅमेऱ्याखाली पाटीचे तुकडे सरकवत बसल्या होत्या. तिसऱ्या रोलात फुलाचा धागा न् धागा मोजता येत होता.

व्यापाऱ्याचं उत्तर आलं. फुलं त्याला नको होती, पण फोटो कोणी काढले ते त्याने विचारलं होतं. वहिनींनी ते पत्र दोनदा वाचलं, उरलेली फुलं डब्यात भरून ठेवली आणि फोटो घेऊन रामदासपेठेतल्या एका डॉक्टरांकडे गेल्या. त्यांना व्याख्यानासाठी मूतखड्यांचे फोटो हवे होते. पुढे बियाणं, मणी, किडे, काय काय त्या खोक्यात बसलं. दादा घरी आले की आधी चुलीकडे नाही, खिडकीकडे पाहत.

वहिनी जाऊन आता खूप वर्षं झाली. त्यांचं शेवटचं काम मला नीट आठवतं. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. कन्हानहून एक बाई लहान मुलाचा चांदीचा वाळा घेऊन आली. वाळा तिच्या धाकट्या मुलीचा; ती दोन वर्षांची असतानाच वारली होती. आता थोरलीच्या लग्नात चांदी लागणार होती, म्हणून वाळा सोनाराकडे जायचा होता. त्याआधी फोटो हवा होता. नेमकं आभाळ भरलेलं. कसाही काढा, मला बस गाठायची आहे, असं ती म्हणू लागली. वहिनींनी तिला पाट दिला.

"बस वं बाई. असातसा नाही काढणार."

त्या बोटांनी वाळा फिरवत बसल्या. चारच्या सुमारास ऊन पडलं. त्यांनी वाळा किंचित वळवून ठेवला, दोरा लावला आणि कॅमेऱ्यात होती ती सगळी फिल्म त्या एका वाळ्यावर संपवली.

आठवड्याने बाई फोटो न्यायला आली. पाहता पाहता तिचं बोट एका जागी थांबलं. वाळ्याच्या कडेला बारीकसा खळगा दिसत होता.

"हा तिचा दात व्हय," ती म्हणाली. "माह्या ध्यानातच नव्हतं. तुमाले कसा दिसला?"

"दिसला नाही," वहिनी म्हणाल्या. "बोटाले लागला."

बाई फोटो धरून तशीच उभी राहिली. वहिनींनी चाचपत पातेलं घेतलं आणि तिच्यासाठी चहा टाकला.