विषयापुढचा पिवळा टिपका

माझ्या मुला-सुनेला मी मेल लिहायचे ते थेट सरकारी पत्रासारखे. यात हसण्यासारखं काही नाही. चिखलीच्या एका शाळेच्या ऑफिसात माझी सगळी नोकरी टायपिंग करण्यात गेली. हाताला एकदा जे वळण लागलं ते लागलं. आधी ‘प्रति’, मग ‘विषय’, मग मुद्दे, खाली ‘कळावे’. आमच्या साहेबांना पत्रात जास्तीचा शब्द खपत नसे, आणि खरं सांगायचं तर मलाही खपत नसे.

हे गेले (आमच्या पिढीत नवऱ्याला नावानं कोण म्हणतं, ‘हे’ म्हणजे हेच) आणि मुलानं धोशा लावला, आई, पुण्याला चल. मी म्हटलं, नाही. मला पुण्यात करमत नाही. तिथं लिफ्टमध्ये शेजारी भेटला तर तो छताकडे पाहतो. इथं माझं घर आहे, मागच्या दारी कढीपत्त्याचं झाड आहे, भाजीवाली मला ओरडून हाक मारते आणि मी तिला ओरडून उत्तर देते. शेवटी तडजोड ठरली. मी चिखलीत राहायचं आणि दर रविवारी खुशालीचा मेल पाठवायचा. मोबाइलच्या काचेवर बोट घासत लिहिणं मला जमत नाही, माझ्या बोटांना कळा दाबायला लागतात. म्हणून मुलानं त्याचा जुना कॉम्प्युटर आणून दिला, मेल कसा पाठवायचा ते दाखवलं आणि गेला.

मग मी माझी पद्धत बसवली. ‘विषय:-(१) तब्येत (२) घर (३) शेजारपाजार (४) इतर.’ आणि खाली उत्तरं. तब्येत उत्तम. घर ठीक. शेजारपाजार यथास्थित. इतर निरंक. ‘निरंक’ हा शब्द मला फार आवडतो. ऑफिसात सांगण्यासारखं काही नसलं की आम्ही निरंक लिहायचो, आणि वरचा साहेबही पुढे काही विचारत नसे.

त्या मेलचा हेतू एकच होता. मी चांगली आहे, मला इथून हलवू नका.

चांगली मी नव्हते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. डॉक्टर म्हणाले होते, सोबत कुणाला तरी घेऊन या, एकेका डोळ्याचं ऑपरेशन करून टाकू. सोबत कुणाला घेऊन जायचं, तिथंच घोडं अडलं होतं. शेजारी चांगले आहेत, पण तो हंगाम सोयाबीन-कापसाचा, ज्याचं त्याचं घर कामात. आणि मुलाला सांगितलं तर तो गाडीच घेऊन आला असता, मला सामानासकट न्यायला. म्हणून गप्प बसले.

टायपिंगला मात्र डोळे लागत नव्हते. आम्ही शिकलो तेच मुळी नजर कागदावर ठेवून, मशीनकडे बघायचंच नाही. जाड पेनानं कागदावर मजकूर लिहायचा, तो डोळ्यांजवळ धरायचा आणि बोटं आपली चालू. सगळं झालं की एकदा मान वर करून पडद्याकडे पाहायचं. पडद्यावर काळ्या मुंग्यांच्या रांगा दिसायच्या. आणि वरती, विषयाच्या पुढं, एक छोटासा पिवळा गोल टिपका.

तो टिपका मी लिहिलेला नव्हता. आपोआप यायचा. मला वाटलं, हळद असेल. आपल्याकडे लग्नपत्रिकेला कोपऱ्यात हळदीचं बोट लावतात, नव्या वहीला लावतात, तसं मेलच्या माथ्यावर कॉम्प्युटर लावत असेल. शुभ असावं म्हणून. आता शहाणी माणसं हसतील, हसू देत. कॉम्प्युटर बनवणाऱ्यांनाही आया असतील की घरी. हे गेल्यापासून मला कुणी हळदीकुंकवाला बोलावत नव्हतं, आणि माझ्या देव्हाऱ्यातल्या करंड्याला मीही हात लावत नव्हते. रविवारी तेवढी हळद दिसायची. मला बरं वाटायचं.

मेल पोचला की मुलाचं उत्तर यायचं, ‘ओके आई.’ आणि सुनेचा फोन यायचा.

“आई, बरं आहे ना?”

“मले काय धाड भरली?” मी म्हणायचे. “लिहिलं ना उत्तम म्हणून.”

“हो, लिहिलंय,” ती म्हणायची, आणि पुन्हा तेच विचारायची. मला वाटायचं, हिला रविवारी घरात काम दिसत नाही फारसं.

अशीच दिवाळी झाल्यावरची एक सकाळ होती. दार वाजलं. दूधवाला आला असेल म्हणून मी पातेलं घेऊन गेले, दार उघडलं आणि पातेलं पुढं केलं. दूध काही पडेना.

“आई, मी आहे.”

सून. रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं पुण्याहून एकटी आली होती. मी पातेलं पाठीमागं लपवलं, जसं काही त्यानं झाकलं जाणार होतं.

“काऊन आली व बाई, न सांगता-सवरता? पोरगा बरा हाय ना?”

“बरा आहे. तुम्ही बऱ्या आहात का ते बघायला आले.”

चहा झाला. मी पातोड्यांच्या भाजीसाठी बेसन कालवायला उठले, तर ती म्हणाली, भाजी राहू द्या, आधी इकडे या. तिनं कॉम्प्युटर लावला, माझा मागच्या रविवारचा मेल उघडला आणि पडद्यावर बोट ठेवलं.

“हे काय आहे?”

“हयद.”

“काय?”

मी तिला समजावून सांगितलं. लग्नपत्रिका, नवी वही, शुभकार्य, सगळं. ती आधी हसली. पुण्याची पोरगी, हसणं तोंडावर हात ठेवून. मग तिचं हसणं थांबलं आणि तिनं माझी खुर्ची ओढून अगदी पडद्याजवळ नेली.

“नीट बघा ना, आई. चेहरा आहे तो. रडका चेहरा.”

मी नाक टेकेपर्यंत वाकले. पिवळं दिसत होतं. चेहरा काही दिसेना.

मग तिनं सांगितलं. मी ‘विषय’ लिहून दोन टिंबं द्यायचे, त्यापुढं आडवी रेघ, आणि जागा न सोडता ‘(१)’चा कंस. नोकरीभर असंच लिहीत आले. पण दोन टिंबं, रेघ आणि कंस एकापुढं एक आले की हे यंत्र समजतं, बाईला रडका चेहरा काढायचाय. आणि काढून देतं. म्हणजे दर रविवारी माझ्या मेलच्या माथ्यावर एक बाई तोंड पाडून बसलेली, आणि खाली लिहिलेलं, तब्येत उत्तम.

मला रागच आला. “मंग हे मले आंधीच काऊन नाही सांगतलं? फोनवर सांगायचं ना!”

“तुमचा मुलगा म्हणाला, आपोआप येतं ते, लक्ष देऊ नकोस. मला पटलंही.” तिनं त्या चेहऱ्यावर पुन्हा बोट ठेवलं. “पण आई, रडूही आपोआपच येतं ना माणसाला. दर रविवारी तो चेहरा बघून मला वाटायचं, एकदा जाऊन बघून यावं.”

मी पदरानं पडदा पुसायला लागले. ती पुढं म्हणाली, “आणि मघाशी तुम्ही मला दूधवाला समजलात.”

मग काय, सगळं बाहेर आलं. डॉक्टर काय म्हणाले, सोबत कोण येणार म्हणून मी कशी गप्प बसले, सगळं. बोलताना मी मुद्दामच पुण्याचा विषय काढला नाही. तिनंही काढला नाही. तिनं फक्त फोन उचलला, ऑफिसात रजा टाकली, आणि नवऱ्याला सांगितलं, “मी राहतेय इथं. नाही, तू येऊ नकोस. गाडी घेऊन तर मुळीच येऊ नकोस.” तो फोन ऐकला आणि मी स्वयंपाकघरातून कढीपत्ता तोडायच्या निमित्तानं मागच्या दारी उभी राहिले. माझ्या मनातली भीती मी कुणालाच सांगितली नव्हती. या पोरीनं ती न सांगता ओळखली आणि तिची व्यवस्थाही लावली.

तिनं मला बुलडाण्याला दवाखान्यात नेलं, आधी एक डोळा, मग काही दिवसांनी पुण्याहून परत येऊन दुसरा. डोळ्यात थेंब टाकले. भाकरी तिला येत नाही, तिनं केलेल्या भाकरीचे नकाशे मी मुकाट्यानं खाल्ले. भाजीवालीनं मला विचारलं, “लेक का व तुमची?” मी काही म्हणायच्या आत तीच म्हणाली, “हाव.” हा एक शब्द तिनं आमच्याकडचा उचलला होता, आणि बरोबर जागी वापरला.

दुसऱ्या डोळ्याची पट्टी निघाली, चष्मा आला, आणि मी आधी कॉम्प्युटर उघडला. पाठवलेले सगळे मेल एकेक करून पाहिले. एका खालोखाल एक, सगळ्यांच्या माथ्यावर तोच चेहरा. ओठ खाली वळलेले, डोळे दोन टिंबांचे. आणि मला तो कुणीतरी ओळखीचा वाटला. संध्याकाळी दिवा लावायच्या वेळी आरशासमोरून जाताना दिसायचा तोच. मी उत्तम, ठीक, यथास्थित लिहीत होते, आणि त्या मुक्या यंत्रानं चुकून खरं तेवढं लिहिलं होतं. यंत्राचे आभार मानायचे तर मानते. पण यंत्र सगळ्यांनाच चेहरे लावत असेल, ते पाहून रात्रभर बसमध्ये बसून येणारी सून मात्र माझ्या वाट्याला आली.

“बंद करू का हे चेहरे?” सुनेनं विचारलं.

“कर. ऑफिसच्या पत्रात चेहरे शोभत नाहीत.”

तिनं सेटिंगमध्ये जाऊन एक खूण काढून टाकली. मी पुन्हा ‘विषय:-(१)’ टाइप केलं. टिंबं टिंबांसारखी राहिली, कंस कंसासारखा. मला समाधान वाटलं. ती मात्र तशीच उभी.

“पण आई, आता मला कसं कळणार?”

मी चष्मा पुसायला घेतला. तिनंच खुर्ची ओढली आणि दोन बोटांनी अडखळत, शोधत शोधत, माझ्या विषयात पाचवा मुद्दा घातला. ‘(५) खरं.’

“इथं निरंक चालणार नाही,” ती म्हणाली.

निघायच्या दिवशी मी देव्हाऱ्यातला करंडा तिच्यापुढं ठेवला. सवाशीण घरातून निघते तर हळदीकुंकू हवंच. पण मी लावायचं नाही, म्हणून म्हटलं, तुझ्या हातानं लावून घे. तिनं लावून घेतलं. मग तेच हळदीचं बोट घेऊन कॉम्प्युटरपाशी गेली आणि पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात एक टिपका लावला.

“तिथला गेला ना,” म्हणाली.

बोटावर थोडी हळद उरली होती. ती परत आली आणि ते बोट तिनं माझ्या कपाळाला लावलं. मी मान मागं घेतली नाही.

बस गेल्यावर घरी आले. रविवार नव्हता, तरी कॉम्प्युटर लावला. कागद पुढं ओढला, पण त्यावर काही लिहिलं नाही. आता पडदा दिसत होता, सरळ त्यावरच लिहिलं. तब्येत, घर, शेजारपाजार नेहमीसारखं झालं. पाचव्या मुद्द्यापाशी बोटं थांबली. ऑफिसची मराठी तिथं चालेना. मग जन्मात पहिल्यांदा मी आमच्या बोलीत टाइप केलं:

‘(५) खरं:- तू गेली अन् घर खायले उठलं. आता चहा ठेवला त दोन कप ठेवला, मंग एक फेकून देला. मी पुन्याले येनार नाही. पन तू येत जाय.’