सगुणाने नाव घेतलं

"गाणं बोल, कोण नको बोलतंय? पण ते तू केलंस असं सांगू नको," तुळशीदास म्हणत होता.

"मग कोणी केलं सांगू? तुझ्या बायकोनं?"

हे भांडण मी वेसाव्याच्या कोळीवाड्यात ऐकलं. पावसाळ्याची बेगमी म्हणून सुके बोंबील घ्यायला दर मे महिन्यात मी अंधेरीहून तिथे जायची. बाहेर सगुणाच्या ओट्यावर बोंबील निवडत होते, आत दीर-भावजयीची जुंपलेली. उठून जावं तर बोंबील अर्धे राहिलेले, म्हणून ऐकत बसले. खोटं कशाला बोलू, नसते राहिले तरी बसले असते.

सगुणा आमच्या चाळीत मासे घेऊन यायची. तिचा नवरा अनंता बोटीवर खलाशी होता. कुठल्याशा लांबच्या बंदरावरून त्याने एक गिटार आणली आणि तिथल्या हमालांकडून वाजवायची रीतही आणली. अंगठा खालच्या सुरावर सारखा चालत राहणार, थकलेला माणूस घरी चालत यावा तसा, आणि बाकीची बोटं मध्ये मध्ये गाऱ्हाणं सांगणार. ओळ दोनदा म्हणायची, तिसरीने उत्तर द्यायचं. अनंताने बायकोला हे शिकवलं. मी म्हटलं, "सगुणे, दोनदा तर आम्हीपण जात्यावर म्हणायचो, दम खायला."

"मग तिकडचे हमाल पण दमलेलेच असतील की," ती म्हणाली.

अनंता गेला. तेराव्याच्या आत त्याची होडी तुळशीदासाच्या नावावर झाली. सगुणाने कोर्टकचेरी केली नाही, गाणं केलं.

*कपाळ अजून ओलं व्हतं, होडी दिराची झाली,*
*कपाळ अजून ओलं व्हतं, होडी दिराची झाली,*
*दर्या बोलला, रडू नको बाय, पाटी तुझी ऱ्हायली.*

अशी तिची बरीच गाणी होती. त्या दिवशीचं भांडण त्यांवरच होतं. तेव्हा कोळीगीतांच्या कॅसेटींना भारी मागणी होती. श्यामसुंदर नावाच्या एका कॅसेटवाल्याने वेसाव्याच्या एका हळदीत मागच्या दारी तिला गाताना ऐकलं आणि कॅसेट काढू म्हणाला. तुळशीदासाचं म्हणणं एवढंच, की गाणी कोणाचीच नाहीत असं राहू दे. जुनी म्हणून खपतील, आणि कोणता दीर, कोणती होडी, कोणी विचारणार नाही. सगुणाचं म्हणणं त्याहून थोडं. गाणी माझी आहेत.

रेकॉर्डिंगला ती मला घेऊन गेली. "चल जानके, एकटी बाई बघितली की पुरुष जास्ती समजावतात."

जागा साकीनाक्याला, एका गाळ्याच्या माळ्यावर. खाली लेथ मशीन, म्हणून कारखान्याच्या सुट्टीचा दिवस धरलेला. भिंतींना गोणपाट आणि अंड्यांचे ट्रे ठोकलेले. मला वाटलं कोंबड्या पण असतील.

श्यामसुंदर माणूस वाईट नव्हता, फक्त घाईचा होता. म्हणाला, "मावशी, मागे ढोलकी टाकू. चार पोरी कोरसला घेऊ. जरा झकास होईल."

"पोरींचे नवरे जिते हायत काय?"

"म्हणजे? हो, असतील ना."

"मग त्या कशाला रडतील माझ्यासंगती? नको."

ढोलकी गेली, कोरस गेला. मग त्याने कव्हर दाखवलं, आधीच छापून आलेलं. त्यावर पाटी घेतलेली एक पोरगी, इतकी गोरी की वेसाव्याच्या उन्हात दुपारपर्यंत टिकली नसती. मी तिसरीपर्यंत शिकलेली, सगुणा तेवढीपण नाही, म्हणून अक्षर लावत मीच वाचलं. गायिका, वेसाव्याच्या कोळणी. गीत आणि संगीत, पारंपरिक.

"पारंपरिक म्हणजे काय गं?"

"म्हणजे फार जुनं. कोणी केलं ठाऊक नाही असं."

"मी मेले काय?" तिने श्यामसुंदरला विचारलं.

तो ओशाळला. "तुमच्या दिरांनीच येऊन सांगितलं मावशी. घरातलं घरात राहू द्या म्हणाले. आता हजार कव्हरं छापून झाली."

सगुणाने कव्हर उलटंसुलटं बघितलं आणि परत दिलं. "ऱ्हाऊ दे. कागद तुझा."

मला धक्काच बसला. सरंग्याच्या डोक्यावरून गिऱ्हाइकाशी तास तास वाद घालणारी बाई एवढ्यात ऐकते कशी? ती गिटार घेऊन बसली. त्याने काचेमागून हात केला. अंगठा चालायला लागला. होडीचं गाणं झालं, शेवटचं कडवं आलं, आणि त्याच चालीत तिने नाव घेतलं.

*दादल्याचं नाव घेतलं लय, आता कोणाचं घेऊ?*
*दादल्याचं नाव घेतलं लय, आता कोणाचं घेऊ?*
*सगुणा हाय नाव माझं, गाणं कसं देऊ?*

लग्नात आपल्याला बायका अडवून नाव घ्यायला लावतात. आपण लाजत नवऱ्याचं नाव जुळवतो, टाळ्या होतात, उंबरा ओलांडतो. आयुष्यभर तेच. स्वतःचं नाव कोणी घेतलेलं मी बापजन्मी ऐकलं नव्हतं. आणि एका गाण्यात नाही, प्रत्येक गाण्यात, दर वेळी नवीन जुळवून. मी पदर तोंडात धरून बसले होते, हसू येतंय की काय येतंय ते मलाच कळेना.

श्यामसुंदर बाहेर आला. "हे कापावं लागेल."

"काप की. अंगठा नाय थांबलेला माझा. कुठून कापतंस?"

त्याने दोनदा लावून ऐकलं. कापलं की गाणं लंगडत होतं. डोकं खाजवत म्हणाला, "तुमचा दीर माझ्याशी भांडेल."

"माझ्याशी किती वर्सं भांडतंय. आता तुझी पाळी."

कॅसेट निघाली. आधी दुकानदारांनी परत आणल्या, यात ढोलकी भरायची राहिली म्हणून. मग बायका मागायला लागल्या. आमच्या चाळीतल्या शेवंतीने तर सत्यनारायणाला लाउडस्पीकरवर लावली. कव्हरावर पारंपरिक वाचून तिला वाटलं देवाचं असेल. भटजी कथा थांबवून ऐकत बसले. कव्हर काय सांगतं ते कोणी बघेना. सगळ्यांच्या तोंडी एकच, सगुणाची कॅसेट.

तुळशीदास अंधेरीच्या बाजारात येऊन तिच्यासमोर उभा राहिला. मी कोलंबी घेत होते.

"सगळ्या बंदराला कळलं. अब्रू घालवलीस."

"तुझं नाव कुठं घेतलं मी? माझंच घेतलंय."

बाजूच्या कोळणी खाली बघून मासे कापायला लागल्या, जरा जास्तच जोरात. तो निघून गेला. होडी काही परत आली नाही, तसं कधी होत नसतं. सगुणा पाटीवर जगली, अजून गाणी करत राहिली. दुसरी कॅसेट झाली नाही. श्यामसुंदरने परत ढोलकीचा विषय काढला होता.

एकोणनव्वदच्या थंडीत ती गेली, झोपेत. आदल्या सकाळी चाळीत आली होती. ताप अंगावर काढत होती, तरी एकेक मजला चढत होती. मला मांदेली दिली, मांजरीला शिवी दिली. वरच्या मजल्यावर नवीन बिऱ्हाड आलं होतं. त्यांची सून कठड्यावरून ओरडली, "ए कोळीण, बोंबील आहेत का?"

सगुणा चालत राहिली.

"ए मासेवाली, ऐकू येत नाही का?"

सगुणा थांबली, वर बघितलं. "सगुणा बोल. मग ऐकू येतं."

सून गडबडली. "सगुणाबाई... बोंबील आहेत?"

"हायत. ताजे हायत. भांडं घेऊन ये."

वर गेली, बोंबील साफ करून दिले, सुनेने मागितले त्यावर एक जास्त टाकला. पाटी डोक्यावर घेतली आणि जिना उतरून पुढच्या चाळीकडे गेली.