मोटारीला पाजलेलं कढण

आमच्या हातखंब्याच्या वाडीत जन्माला आलेल्या पोराला दोन गोष्टी कुणी शिकवाव्या लागत नसत. एक चालणं आणि दुसरं मुंबईला, आमच्या बोलीत म्हमयला, जाणं. वाडीत वीसेक घरं असतील. एकेका घरातला एक तरी पुरुष गिरणीत, गोदीत, नाहीतर कुणा शेठच्या घरी गडी. आमचा धंदा शेती, असं सरकारदरबारी लिहिलेलं असे. लिहिणाऱ्याचं काय जातं! भात निम्म्या वर्षाला कसंबसं पुरे, वरकस जमिनीतली नाचणी आणखी थोडं ढकले आणि उरलेले दिवस आमची घरं पोस्टमनवर चालत. मनीऑर्डर आली की चुलीवर भात आणि नाही आली की आंबील. पुरुषाचं तोंड शिमग्याला दिसे, फार तर गणपतीला.

याला वाडीत एकच घर अपवाद होतं, माझे काका महिपत आणि काकी येसूबाई यांचं. काकांची छपराची बैलगाडी होती आणि दोन बैल होते. संगमेश्वराहून रत्नागिरीच्या बंदराला जाणारी माणसं ते गाडीतून नेत. त्यामुळे दोन दिवसांआड का होईना, काका रात्री घरी जेवायला असत. काकीला याचा भारी ताठा. विहिरीवर बायका आपल्या मुंबईच्या नवऱ्यांच्या गोष्टी सांगू लागल्या की ती कळशी कमरेवर घेत म्हणायची, "तुमचं चालू द्या गो बायांनो. माजा घो वाट बघत आसंल." माझी आई मथुरा, म्हणजे काकीची धाकटी जाऊ, हे ऐकून धुमसायची. माझा बापूस धोंडू गिरणीत होता. एकाच छपराखाली आमची दोन घरं, मधे नुसता काटक्या-मातीचा कूड. पलीकडे काका जेवताना भुरके मारत ते आईला ऐकू येत. "तुजा बापूस कसा जेवतो ते मी इसरलंय," असं ती मला पुढं कितीदा तरी म्हणाली आहे, आणि ते काही हसून नाही.

मग मोटार आली. सुरुवातीला काका हसले. निवळीचा घाट चढताना तिची दमछाक होई, पुढच्या पाण्याच्या टाकीतून वाफा येत आणि आमच्या वाडीपाशी तिला पाणी पाजल्याशिवाय ती हलत नसे. पण पाणी पिऊन ती जाई मात्र भर्रकन. बैल तासभर रवंथ करत तेवढ्यात ही बंदरावर. हळूहळू माणसं गाडीला पाठ दाखवून मोटारीची वाट बघू लागली. काका दोन वर्षं चुरशीनं तगले. मग ओझी वाहिली, मग शेणखत वाहिलं आणि सत्तावीस सालच्या दिवाळीनंतर बैल पालीच्या एका शेतकऱ्याला विकून टाकले. धोंडूनं, म्हणजे माझ्या बापसानं, गिरणीतल्या मुकादमाला सांगून जागा बघून ठेवली होती. काकांनी पत्र्याची एक पेटी आणली, तिच्यावर आपलं नाव रंगवून घेतलं आणि वाडीतलं शेवटचं घरही इतर घरांसारखं व्हायची वेळ आली.

त्या दिवशीचं सगळं मी ऐकून सांगतो आहे. मी तेव्हा पाळण्यात होतो. पण दोघी जावांकडून इतक्या वेळा ऐकलंय की मीच तिथं उभा होतो असं वाटतं.

मोटार दुपार कलल्यावर यायची आणि मुंबईची संध्याकाळची बोट गाठून द्यायची. काकीनं काकांच्या तळहातावर दही घातलं. काका ते चाटून, देवाला हात जोडून, "येतो" म्हणून उंबऱ्याबाहेर पडले आणि खळ्यात, म्हणजे अंगणात, पेटीवर जाऊन बसले. दही खाऊन निघालेल्या माणसानं मागं फिरायचं नाही, हा आमच्याकडचा कायदा इंग्रजाच्या कायद्याहून कडक. काकीनं त्यांच्याकडे बघायचं टाळलं. आईच्या सांगण्यानुसार ती सबंध दिवस भुतानं झपाटल्यासारखी काम करत होती. पहाटे उठून तिनं सवयीनं बैलांसाठी कुळीथ उकडत घातले होते. मोठा टोप भरून कढण झालं, मीठ पडलं आणि मग तिच्या ध्यानात आलं की गोठ्यात बैलच नाहीत. टोप तसाच चुलीच्या वैलावर राहिला, कोमट.

मोटार आली. ड्रायव्हर बाबल्या हा रत्नागिरीच्या मांडवीचा. मूळचा पडावावरचा खलाशी, पण पडावाचा धंदा बसला तेव्हा हा चलाख माणूस शीड सोडून चाकाला जाऊन लागला. मोटारीलाही तो होडीसारखं "ही" म्हणे. "वैनी, हिला जरा पानी पाज गो," म्हणून तो विडी ओढायला आंब्याखाली गेला. त्याच्याबरोबरचा किन्नर, म्हणजे क्लीनर, त्या दिवशी तापानं घरी पडला होता.

काकी कळशी घेऊन गेली. टाकीचं झाकण निघालं होतं, आतून गुरगुर येत होती आणि पत्रा तापून लाल व्हायचा बाकी होता. घाट चढून आलेल्या बैलाला गार पाणी कधी पाजायचं नाही, त्याच्या पोटात कळ येते, हे तिला लहानपणापासून माहीत. त्याला आधी कोमट कढण द्यायचं. ती कळशी घेऊन परत फिरली आणि वैलावरचा टोप उचलून आणला. तो सगळा टोप तिनं शांतपणे, एक थेंब बाहेर न सांडता, मोटारीला पाजला.

काकांची पेटी टपावर चढली. काका चढले. काकी पडवीच्या खांबाला धरून उभी राहिली. मोटार सुरू झाली, वळणापर्यंत गेली आणि तिच्या तोंडाला फेस आला. खोटं सांगत नाही. टाकीचं झाकण उडालं, तपकिरी फेस पुढच्या काचेवर आला आणि सगळ्या रस्त्यावर कुळथाचा घमघमाट सुटला. बाबल्यानं खाली उतरून त्या फेसात बोट बुडवलं आणि चाटलं.

"वैनी," तो तिथूनच ओरडला, "ह्यात मीठ बी घातलंस काय गो?"

"बैलांना घालतंय तेवढंच!" काकी ओरडली. मग तिला काय झालं ते कळलं आणि ती मटकन खाली बसून रडायला लागली.

पुढं जो गोंधळ झाला तो विचारू नका. कढण टाकीतल्या बारीक नळ्यांत जाऊन शिजून बसलं होतं. ते गरम पाण्यानं धुऊन धुऊन काढायचं, म्हणजे दुसरी सकाळ. बोट गेली. ज्यांच्या अंगात बळ होतं ते चालत रत्नागिरीच्या वाटेला लागले. उरल्या लेकुरवाळ्या बाया, म्हातारी माणसं, कोर्टातले एक कारकून आणि मांडवीची ठमाबाई. ही संगमेश्वरच्या बाजारात सुकी मासळी विकून घरी निघालेली. कुणीतरी म्हणालं, बैलगाडी दिसते आहे, ती जुंपा. काकांनी मान खाली घातली. गाडी होती, बैल पालीला होते.

काकी पदरानं डोळे पुसून उठली. एवढी माणसं आपल्या चुकीनं आपल्या दारात अडकली, त्यांना उपाशी ठेवायचं कसं? तिनं टोप घासला. घरात होतं नव्हतं ते भात, कुळथाची पिठी आणि नाचणीच्या भाकऱ्या असं रांधायला घेतलं. आई कुडापलीकडून आली आणि भाकऱ्या थापायला बसली. ठमाबाईनं आपल्या पाटीतला उरलेला सुका बांगडा निखाऱ्यावर टाकला. विहिरीचं पाणी आणि लाकडं काकांनी आणली. पण सगळं उंबऱ्याबाहेरून. आत यायला तयार नाहीत.

"अवो, आत या. पाट मांडलाय," काकी म्हणाली.

"दही खाऊन निघालेला मानूस मी. आत पाय टाकायचा न्हाय."

"निघालात खरं. पन गेलायत कुटं?"

काका खळ्यात, पेटीवर बसूनच जेवले. त्यांच्याभोवती पंगत बसली. कारकून सोवळ्यातले, त्यांनी दूध आणि केळी घेतली, पण पिठीचा वास आला तशी त्यांची नजर पुन्हा पुन्हा टोपाकडे जात होती, असं आई सांगे. (पुढे वर्षभरानं हेच गृहस्थ पिठी-भात ओरपून "आमच्या घरी बोलू नका हो" म्हणायचे.) जेवणं झाली, तशी माणसं कनवटी सोडू लागली. काकी एकदम मागं सरली. दारात आलेल्याला जेवू घालून पैसे घ्यायचे? आमच्यात हे कधी कुणी केलं नव्हतं. तिला ती नाचक्की वाटली.

ठमाबाई खवळली. "मी पाटी डोकीवर घेऊन कोसकोस चालतंय, ती मासळी काय फुकट वाटतंय? त्याची लाज न्हाय मला. तुला चुलीची कसली गो लाज?" तिनं आपलं नाणं काकांच्या पेटीच्या झाकणावर ठणकन ठेवलं. मग सगळ्यांनी ठेवलं. काका त्या पेटीवरून उठून बाजूला उभे राहिले होते आणि आपल्या रंगवलेल्या नावावर ते पैसे पडताना बघत होते.

बाबल्या मोटारीत झोपला. सकाळी त्यानं चुलीवरच्या कढत पाण्याची शेवटची कळशी टाकीतून फिरवली आणि मोटार सुरू करून बघितली. चालली. तो काकीकडे आला. काकीला वाटलं, आता मालकाचं नाव घेऊन धमकी देतो. तो म्हणाला, "वैनी, हिला पानीच दे. पन मानसांना तेच दे जे काल दिलंस. उद्यापासून मी हतं अर्धा तास थांबतंय."

मग त्यानं काकांकडे बघितलं. "महिपतदादा, चढतंस ना?"

काका पेटीपाशी उभे होते. अर्ध्या तासात मोटारभर माणसांना जेवू घालायचं म्हणजे पाणी कोण ओढणार, लाकडं कोण फोडणार, हे त्यांनाही दिसत होतं. रात्रभर तेच त्यांच्या डोक्यात चाललं असणार. पण दही खाल्लेलं. वाडीतली सगळी घरं बघायला जमलेली. माणूस नुसत्या गरिबीनं मुंबईला जात नाही, चार माणसांसमोर "जातो" म्हटलेलं असतं म्हणूनही जातो.

काकी घरात गेली. तिथून ती एका हातात पाण्याचा तांब्या आणि दुसऱ्या हातात भाकरीचा तुकडा घेऊन आली. मुंबईहून माणूस आला की त्याच्यावरून ओवाळून टाकतात तसा तिनं तो तुकडा काकांवरून ओवाळून लांब फेकला. त्यांच्या पायांवर पाणी ओतलं. आणि सगळ्या वाडीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"झाली म्हमय? आता घरात या."

आधी बाबल्या हसला. मग ठमाबाई, मग सगळी वाडी. काकाही हसले, डोळे पुसले आणि उंबऱ्याच्या आत आले. त्या दिवसापासून त्यांचं नाव 'मुंबईकर' पडलं ते कायमचं. मुंबईत त्यांनी कधी पाऊल टाकलं नाही.

पुढच्याच उन्हाळ्यात गिरण्या संपानं बंद पडल्या. वाडीवाडीतून माणसं परत आली आणि पोस्टमन यायचा थांबला. सहा महिने कित्येक घरांत चूल नीट पेटली नाही. आमच्या मात्र दोन्ही घरांना काकीच्या टोपानं जगवलं. वाडीतल्या चार बायकांनाही तिथं दळण-कांडणाचं, पाण्याचं काम मिळालं. विहिरीवरचा काकीचा ताठा तेवढा उतरला. आता तिच्याच चुलीपाशी त्या बायका बसत, आणि नवऱ्याची गोष्ट निघाली की ती गप्प राही.

संप मिटल्यावर माझा बापूस परत गेला. चौतीस साली त्याला गिरणीनं कायमचा काढला. तो आला तो दिवस मला स्वतःला आठवतो, मी सात वर्षांचा होतो. शिमगा नव्हता, गणपती नव्हते. तो मोटारीतून उतरला आणि खळ्याच्या कडेला वळकटी धरून उभाच राहिला. आत येईना. आईला समोर जायचा धीर होईना. कुठल्या तोंडानं घरात शिरायचं, हे त्याच्या चेहऱ्यावर मलासुद्धा दिसत होतं.

काकीनं पंगतीत वाढायची पळी खाली ठेवली. तांब्या घेतला, भाकरीचा तुकडा मोडला आणि दोन्ही माझ्या आईच्या हातात दिलं.

आईनं तुकडा ओवाळला, पाणी ओतलं. मग तिनं मागं वळून काकीकडे बघितलं. शेवटी काकी मागून म्हणाली, "झाली म्हमय. आता घरात या, भावजी. पिठी गार होतंय."

त्या रात्री कुडाच्या अलीकडून भुरके ऐकू आले. आई जेवायची थांबून ते ऐकत बसली होती.