बिनचिठ्ठीचे डबे

बाबांना सगळे ‘मिस्त्री’ म्हणतात. गेली पन्नास वर्षं, जुन्या मोटरसायकलींचे कार्बोरेटर उघडायचे, पेट्रोलमध्ये बुडवायचे आणि टूथब्रशनं घासायचे, यातच त्यांचा जन्म गेला. वयाबरोबर हट्टही वाढलाय, पण ते बोलायची सोय नाही.

दोन वर्षांपूर्वी मी भांडून अल्ट्रासोनिक मशीन आणलं. स्टीलची टाकी, खाली हीटर, आत पाणी आणि धुण्याचं औषध. टाकी अशी काही थरथरते की बारीक भोकांतला काळा चिकटाही सुटून येतो. चालू झालं की दातांत शिरल्यासारखं किणकिणतं. बाबांनी पहिल्याच दिवशी त्याचं नाव ‘रडूबाई’ ठेवलं. आठवड्याभरात मात्र स्वारी मला हात लावू देईना!

माझा एकच नियम होता, टाकीत पेट्रोल घालायचं नाही. तापलेल्या टाकीवर वाफ साचली आणि कुठे ठिणगी पडली, की खेळ खलास. “हो गं बाई, मी काय कुकुलं बाळ आहे?” ते म्हणायचे, आणि नियम पाळायचे. पण फळीवर दोन पांढरे डबे. एकात पेट्रोल, एकात मी पाण्यात कालवून ठेवलेलं औषध. मी चिठ्ठ्या चिकटवल्या की हे ओरबाडून काढणार. “चिठ्ठी नवशिक्यांना लागते. आपल्याला झाकण उघडलं की कळतं.” मी कपाळावर हात मारला आणि नाद सोडला. तिथेच चुकले.

परवा दुपारी एका शिक्षकांचा कार्बोरेटर आला होता. मी लेथवाल्याकडून त्यात बसवायचा पितळी जेट घेऊन परतले, तर दुकानाच्या दारातच वास आला. पेट्रोल! आतल्या बिनखिडकीच्या खोलीत रडूबाई किणकिणत होती, हीटरचा लाल दिवा लागलेला होता, आणि बाबा टाकीवर वाकले होते.

“बाबा, बाहेर या!” मी ओरडले, पण त्या आवाजात त्यांना ऐकू जाईना. आत जाऊन मशीनचं बटण दाबावं, तर ठिणगी तिथेच उडायची. मेन स्विच बाहेर जिन्याखाली. बाबांना तसंच सोडून पळायचं? पळाले. धावताना कान मागे लागलेले, आता भडका उडेल, आता उडेल. स्विच खाली ओढला आणि किणकिण थांबली.

परत आले तर बाबा अंधारात खिसे चाचपत होते. “लाइट गेली वाटतं. लायटर कुठे ठेवला मी?”

“हात काढा खिशातून!” मी अशी किंचाळले की माझाच आवाज मला ओळखू येईना. दंडाला धरून त्यांना फरफटत बाहेर पायरीवर आणलं.

मग माझं तोंड सुटलं. “अक्कल गहाण ठेवलीत का? टाकीत पेट्रोल ओतलंत! मरायचं होतं का?”

“पेट्रोल? छे. औषधाचा डबा घेतला मी.”

“अहो, घमघमाट सुटलाय सगळीकडे!”

बाबांनी रबरी मोजा काढला. मोजे घालायची सक्तीही माझीच, त्यामुळे ओतताना पेट्रोलचा गारवा बोटांनाही कळला नव्हता. मोजा नाकाशी धरला, हुंगला. पुन्हा हुंगला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “मला येत नाही वास.”

“कधीपासून?”

“मागच्या वर्षी तापानं पडलो होतो ना, तेव्हापासून. म्हटलं, येईल परत.”

“आणि सांगितलं नाहीत?”

“सांगितलं असतं तर तू मला दुकानात पाऊल ठेवू दिलं असतंस?”

नसतंच ठेवू दिलं. माझा राग तिथल्या तिथे विझला आणि नुसती भीती उरली.

बाबा पायरीवर टेकले. दोन्ही हातांनी पायरीची कड घट्ट धरली. हा माणूस कधी घाबरलेला मी पाहिला नव्हता. मला वाटलं, दुकान जाता जाता वाचलं म्हणून घाबरलेत. पाठीवर हात ठेवून म्हटलं, “टळलं ना आता, बाबा.”

ते ऐकतच नव्हते. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“रोज सकाळी तुझी आई झोपलेली असते,” ते म्हणाले, “आणि मी एकटा ओट्याशी उभा राहून गॅसला काडी लावतो. वर्ष झालं गं. वर्षभर रोज.”