मापाच्या वहीतल्या कोऱ्या जागा

माझा थोरला भाऊ शिंपी. सगळे त्याला दादा म्हणतात. माप घेताना तो टेप फिरवत मोठ्याने आकडे सांगायचा आणि त्याची लेक वहीत लिहायची. सात वर्षांची असल्यापासून हे तिचंच काम. उंची, छाती, कंबर, खांदा, बाही, गळा. दुसऱ्या मशीनवर मी.

पोरगी चुणचुणीत, पण मध्येच एखादा आकडा गाळायची. खांद्यानंतर थेट गळा, बाहीची जागा कोरी. दादा तापट. कोऱ्या जागेभोवती लाल पेन्सिलीने गोल करायचा आणि तिचा कान पिरगाळायचा.

"लक्ष कुठे चरायला गेलं होतं?"

"बाबा, तुम्ही बाही सांगितलीच नाही," ती रडत म्हणायची.

"वर खोटं बोलतेस?" की आणखी एक पीळ.

आणि मी? "राणीसरकार दौऱ्यावर गेल्या होत्या," म्हणत गिऱ्हाइकांना हसवायचो. आज ती जीभ हासडून टाकावीशी वाटते.

शाळेतही तेच. पाढा म्हणताना अडायची, फळ्यावरचं अर्धंच उतरवायची. यंदा नव्या बाईंच्या लक्षात आलं. वाचता वाचता पोरगी थांबते, पापण्या फडफडतात, हाक मारली तरी कळत नाही. मग काही झालंच नाही अशी पुढे वाचते. त्यांनी डॉक्टरकडे पाठवलं.

"हा फिट येण्याचाच प्रकार आहे," डॉक्टर म्हणाले. "फिट आली म्हणजे पडायलाच हवं असं नाही. तेवढे दहा सेकंद तिला काही कळतच नाही. कधीपासून होतंय?"

 घरी येऊन दादाने माळ्यावरून जुन्या वह्या काढल्या. तीन वर्षं, चार वह्या. कधीपासून, ते त्याच्याच हाताने लाल गोल करून ठेवलेलं होतं. पानं उलटता उलटता तो हमसून हमसून रडला. मी कोणत्या तोंडाने धीर देणार?

गोळ्यांनी फिट कमी झाल्या. पाठांतर मात्र अजून टिकत नाही, गणितात मागेच आहे. वही तिने सोडली नाही. पोरीने आपल्याला घाबरू नये, एवढंच आता दादाला हवंय.

काल लिहिता लिहिता तिची पेन्सिल थांबली. दादा टेप धरून उभा राहिला. गिऱ्हाईक चुळबुळलं, त्याला हातानेच थांबवलं. पोरगी भानावर आली. वहीतली कोरी जागा तिला दिसली. दादा हळूच "बाही साडेतेवीस, बाळा," म्हणेपर्यंत तिने डाव्या हाताने कान झाकून घेतला होता.